बाळंतपणाला माहेरी येताना: पहिली सोनोग्राफी सोबत आणा

पुण्या-मुंबईला तपासण्या करून सातव्या-आठव्या महिन्यात कराडला माहेरी येणाऱ्या मुलींसाठी, आणि त्यांना आमच्या दवाखान्यात घेऊन येणाऱ्या आई-वडिलांसाठी हे माहितीपत्रक काढलं आहे. नाव घालताना सगळ्यांचे प्रश्न तेच असतात. तारीख नक्की कोणती? नॉर्मल होईल का? जवळ कोणाला थांबता येईल? खर्च किती? यातल्या पहिल्याच प्रश्नाशी गाडी अडते, कारण ज्या कागदावरून तारीख ठरते तो बहुतेक वेळा सासरी कपाटात राहिलेला असतो.

तारीख कशावरून ठरते

ओटीभरण होतं, सामान भरलं जातं, आणि आमच्यासमोर येतो तो गेल्या आठवड्यातल्या सोनोग्राफीचा कागद, नाहीतर मोबाइलमध्ये काढलेला त्याचा अर्धवट फोटो. ‘अगदी ताजा रिपोर्ट आहे, मॅडम,’ असं घरचे विश्वासाने सांगतात. बाळाचं पाणी, वजन, डोकं खाली आहे की नाही हे बघायला ताजा रिपोर्ट लागतोच. तारीख ठरवायला मात्र तोच सगळ्यांत कमी उपयोगाचा.

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजून तारीख काढतात. पाळी नियमित नसेल किंवा दिवस नीट आठवत नसेल, तर पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवर भरवसा ठेवायचा. त्या काळात सगळी बाळं जवळपास एकाच वेगाने वाढतात, म्हणून तेव्हा बाळाची लांबी मोजून काढलेली तारीख फार तर पाच-सात दिवस इकडेतिकडे होते. सातव्या महिन्यानंतर कुणाचं बाळ अंगाने भरतं, कुणाचं बारीक राहतं. त्या वेळच्या मापांवरून काढलेली तारीख तीन आठवड्यांपर्यंत चुकू शकते. मशीन तरीही प्रत्येक रिपोर्टवर नवी तारीख छापतं. घरात चार रिपोर्ट असले की चार तारखा होतात, आणि सासरचे एक धरून बसतात, माहेरचे दुसरी.

याने नेमकं काय बिघडतं ते सांगते. समजा, नवव्या महिन्याच्या रिपोर्टमध्ये बाळ दोन आठवड्यांनी लहान दिसलं. याचे दोन अर्थ होतात. एक तर तारीख चुकली आहे आणि बाळ उत्तम आहे. मग काहीच करायचं नाही. किंवा तारीख बरोबर आहे आणि बाळाला वारेतून पोषण कमी पडतंय. मग लक्ष ठेवून गरज पडली तर बाळंतपण लवकर करावं लागतं. दोन्हींचे उपचार एकमेकांच्या अगदी उलट. एनटी स्कॅनचा, म्हणजे तिसऱ्या महिन्यातल्या सोनोग्राफीचा, कागद हातात असेल तर उलगडा तिथल्या तिथे होतो. तो नसेल तर डॉप्लर (बाळाचा रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी) करा, दोन आठवडे थांबून वाढ पुन्हा मोजा, तोवर पोरीच्या जिवाला घोर, आणि घरच्यांचे हेलपाटे. एकदा चुकलेला तिसरा महिना पुन्हा मोजता येत नाही. कितीही भारी मशीन आणलं तरी नाही.

दिवस उलटून गेल्यावरही हाच घोटाळा होतो. ४१ आठवडे पूर्ण झाल्यावर कळा आणाव्यात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. तारीखच चुकीची धरली तर एखादीला ३८ व्या आठवड्यातच कळांची औषधं सुरू होतात, आणि दुसरी ४२ आठवडे उलटले तरी घरी वाट बघत बसते.

तेव्हा फाईल पूर्ण आणा: पहिली सोनोग्राफी, पाचव्या महिन्यातली अ‍ॅनॉमली स्कॅन (बाळात काही व्यंग नाही ना हे बघणारी सोनोग्राफी), रक्तगट, साखर, थायरॉइड, एचआयव्ही आणि काविळीचे रिपोर्ट, धनुर्वाताची इंजेक्शनं. रक्तगट निगेटिव्ह असेल तर २८ व्या आठवड्याला अँटी-डीचं इंजेक्शन घेतलं होतं का, त्याची नोंद. आधीचं सिझर असेल तर त्या वेळचं डिस्चार्ज कार्ड, कारण पिशवीवर टाका कसा घेतला होता हे त्यावरून कळतं. फोटो पाठवायचाच तर कागदाच्या चारही कडा, नाव आणि तारीख दिसेल असा काढा. कागद हरवला असेल तर सोनोग्राफी सेंटरकडे प्रत मागा.

नाव ३४ व्या आठवड्याच्या आत घालावं असा आमचा आग्रह असतो. ‘आत्तापासून फेऱ्या कशाला?’ असं काहीजण म्हणतात. पण कळा घेत आलेल्या बाईची ओळख लेबर रूमच्या दारात होत नाही. पहिल्या भेटीला आम्ही निवांत बोलतो, त्यामुळे बाहेर बसलेल्यांना थांबावं लागतं, हे खरं आहे. ती वेळ प्रत्येकीला मिळते.

‘नॉर्मल होईल ना?’

आधी शब्द देता येत नाही, आणि जो देतो त्याच्यावर विसंबू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातली २१.५ टक्के बाळंतपणं सिझरने झाली; खासगी दवाखान्यांत हे प्रमाण ४७.४ टक्के, तर सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के होतं. त्यामुळे लोकांच्या मनात शंका येते, आणि ती रास्त आहे. म्हणून सिझर सुचवलं तर कारण विचारा, आणि आम्हालाही विचारा. आत्ता थांबलो तर काय होईल, दुसरा काही मार्ग आहे का, निर्णयाला किती वेळ आहे, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. बाळाचे ठोके सतत घसरत असतील तर उत्तर एका वाक्यात मिळेल आणि सही लगेच करावी लागेल. नुसती ‘नाळ गळ्याभोवती आहे’ एवढंच कारण असेल तर आम्ही सिझर करत नाही. दिवस भरलेल्या चार-पाच बाळांमागे एकाच्या गळ्याला नाळेचा वेढा असतो, आणि बहुतेक बाळं सुखरूप बाहेर येतात.

आधी एक सिझर झालंय म्हणून दुसरं सिझरच, असंही नाही. टाका पिशवीच्या खालच्या भागात आडवा असेल आणि बाकी अडचण नसेल, तर प्रयत्न करणाऱ्या शंभरातल्या साठ ते ऐंशी जणींचं नॉर्मल होतं. टाका उसवण्याचा धोका दोनशेत एखादीला असतो. तो लहान असला तरी गंभीर आहे. म्हणून असं बाळंतपण घरी कळा काढत बसण्याचं नाही, लवकर दवाखान्यात येऊन करायचं आहे.

मुहूर्ताबद्दल स्पष्ट सांगते. सिझर ठरलेलंच असेल तर ३९ आठवड्यांनंतरचा तुमच्या सोयीचा दिवस आम्ही जरूर बघतो. सबळ कारण असल्याशिवाय त्याआधीचा देत नाही, मग पंचांग काहीही म्हणो. आधी काढलेल्या बाळांना श्वासाचा त्रास जास्त होतो, आणि बाळ काचेच्या पेटीत ठेवायची वेळ आली तर मुहूर्ताचं समाधान उरत नाही.

कळा सुरू झाल्यावर

पहिलटकरणीच्या कळा सुरुवातीला लांब लांब येतात, मध्येच थांबतात, आणि यात अख्खा दिवस जाऊ शकतो. पिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडलं की खरा वेग धरतो असं आता मानतात. तिथून पुढेही पहिल्या खेपेला बारा तासांपर्यंत लागू शकतात. ‘सकाळी आणली, अजून काहीच कसं नाही?’ असं बाहेरून दर तासाला विचारलं की आतली मुलगी खचते. कळा आणायला गोळी किंवा जेल ठेवलं असेल तर एक-दोन दिवसही लागतात. ते आम्ही ठेवण्याआधीच सांगतो. कृपा करून घरातल्या सगळ्यांना सांगा.

पहिली खेप आणि सगळं ठीक असेल तर कळा पाच-पाच मिनिटांनी, प्रत्येक मिनिटभर, अशा तासभर आल्या की निघा. ढेबेवाडीच्या पलीकडच्या वाड्यांवरून येणाऱ्यांनी आणि दुसरटकरणींनी एवढी वाट बघू नये. पाणी गेलं, अंगावरून रक्त गेलं, बाळाची हालचाल कमी वाटली, डोकं सणसणून दुखायला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा ताप आला, तर कळा असोत-नसोत, तसंच निघा. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.

आमच्याकडे लेबर रूममध्ये एक जवळचं माणूस थांबू शकतं, आई, बहीण, सासू किंवा नवरा. ते कोण, हे तिने ठरवायचं. सोबत माणूस असलं की बाईला धीर राहतो आणि नॉर्मल बाळंतपणाचं प्रमाण वाढतं, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. धोका नसेल तर कळांत चालायला, कुशीवर वळायला, पेज-पाणी घ्यायला आम्ही अडवत नाही. सरसकट एनिमा देत नाही, आणि सरसकट खालून छेद घेत नाही. बाळ रडलं, ठीक असलं की मिनिटभर थांबून नाळ कापतो आणि त्याला आईच्या छातीवर ठेवतो. पहिल्या तासात चीक पाजायचा असतो. मध-साखरेचं बोट चाटवू नका.

कळांच्या वेदना कमी करणारं पाठीतलं इंजेक्शन हवं असेल तर नाव घालतानाच सांगा. भूलतज्ज्ञ बाहेरून येतात, आयत्या वेळी मिळतीलच असं नाही. त्या इंजेक्शनमुळे सिझर वाढत नाही; शेवटचा जोर लावायला मात्र थोडा जास्त वेळ लागू शकतो.

संमतीच्या कागदावर सही तिची स्वतःची पुरते. ती सज्ञान आहे. सासरची माणसं पोचेपर्यंत सही थांबवून ठेवल्याने तातडीच्या वेळी बाळाचे मोलाचे क्षण जातात. घरात कोणाचं काय म्हणणं आहे ते आठव्या महिन्यातच बोलून घ्या, हवं तर आमच्यासमोर बोला.

शनिवारचा वर्ग आणि खर्च

दर शनिवारी दुपारी आम्ही तासाभराचा वर्ग घेतो: कळांत श्वास कसा घ्यायचा, जोर कधी लावायचा आणि कधी नाही, सोबतीच्या माणसाने पाठ कशी चोळायची, अंगावर कसं पाजायचं. लेबर रूमही दाखवतो. नाव घातलेल्यांना याचे वेगळे पैसे पडत नाहीत. बाळंतपण दुसरीकडे करणाऱ्यांनीही यावं, त्यांना नाममात्र फी आहे. नॉर्मल, टाके, सिझर, भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, खोली यांचा अंदाजी खर्च पहिल्याच भेटीत लिहून देतो. जन्माची नोंद आमच्याकडून जाते. २१ दिवसांच्या आत ती विनाशुल्क होते, आईवडिलांची नावं आधार कार्डावर आहेत तशीच लिहून द्या. पुण्या-मुंबईच्या जावयांना शनिवारी दुपारी पोचणं जमत नसेल तर आधी कळवा, रविवारी सकाळी वेळ देऊ.