स्पेशल एन्रोलमेंट पिरियड (अमेरिकेतला हेल्थ इन्शुरन्स)

स्पेशल एन्रोलमेंट पिरियड, बोलताना नुसतं एसईपी, म्हणजे अमेरिकेत हेल्थ इन्शुरन्स घ्यायची दरवर्षीची ठरलेली मुदत उलटून गेल्यावरही, घरात काही मोठं घडलं असेल तर मधेच प्लॅन घ्यायला किंवा बदलायला मिळणारी सवलतीची मुदत. सरकारी मार्केटप्लेसवर, म्हणजे प्लॅन विकत घ्यायच्या सरकारी वेबसाइटवर, ही बहुतेक वेळा ६० दिवसांची असते, नोकरीच्या प्लॅनमध्ये निदान ३० दिवसांची. हे दोन आकडे एकमेकांत मिसळले की गोंधळ झालाच म्हणून समजा.

मुळात अशी मुदत लागतेच कशाला हे भारतातून गेलेल्या माणसाला पटकन कळत नाही, कारण आपल्याकडे मेडिक्लेम वर्षातल्या कुठल्याही दिवशी मिळतो, एजंटला फोन केला की तो फॉर्म घेऊन घरी हजर. पण आपल्याकडे पॉलिसी हातात आली तरी आधीपासून असलेल्या आजाराला वेटिंग पिरियड लागतो, तो २०२४ च्या नियमांप्रमाणे जास्तीत जास्त ३ वर्षांचा. अमेरिकेत ओबामांनी २३ मार्च २०१० ला सही केलेल्या अफोर्डेबल केअर अ‍ॅक्टमुळे २०१४ पासून ही भानगडच गेली, डायबेटिस असो नाहीतर कॅन्सर, कंपनीला नाही म्हणता येत नाही आणि आजारामुळे प्रीमियमही वाढवता येत नाही. मग तहान लागल्यावर विहीर खणणारे सगळेच निघाले असते, धडधाकट असताना कोण कशाला पैसे भरेल? म्हणून तिथे दारच वर्षातून एकदा उघडतात. दुखणं दोन्हीकडे एकच, आपण दार उघडं ठेवून आतल्या खोलीला कुलूप लावलं, त्यांनी बाहेरच्या दाराला लावलं.

हे दार म्हणजे ओपन एन्रोलमेंट. पहिल्यांदा ते १ ऑक्टोबर २०१३ ला उघडलं, नंतर बरीच वर्षं १ नोव्हेंबरला उघडत आलंय, आणि २०२६ च्या प्लॅनपर्यंत हेल्थकेअर डॉट गव्ह या केंद्राच्या मार्केटप्लेसवाल्या राज्यांत, म्हणजे टेक्सस वगैरे, १५ जानेवारीपर्यंत उघडं असायचं. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, न्यूयॉर्क यांची स्वतःची मार्केटप्लेस आहेत, त्यांच्या तारखा वेगळ्या, त्यामुळे टेक्ससमधल्या मित्राने सांगितलेली तारीख न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये वापरू नये.

या मुदतीबाहेर घ्यायचं तर 'क्वालिफाइंग लाइफ इव्हेंट' लागतो. लग्न झालं, मूल झालं किंवा दत्तक घेतलं, दुसऱ्या भागात राहायला गेलात, नव्याने कायदेशीर स्टेटस मिळालं, आणि सगळ्यात जास्त वेळा लागणारं कारण म्हणजे असलेलं कव्हरेज गेलं. नोकरी गेली, २६ वर्षांचे झाल्यामुळे आईबापांच्या प्लॅनमधून बाहेर पडलात, घटस्फोटात जोडीदाराच्या प्लॅनमधून नाव निघालं, हे सगळं त्यात येतं. नोकरी स्वतःहून सोडली तरी चालतं, ती कुणी सोडवली हे इथे कुणी विचारत नाही. पण प्रीमियम भरला नाही म्हणून पॉलिसी बंद पडली तर ते कारण धरत नाहीत. नुसतं आजारी पडणंही धरत नाहीत, ते धरलं तर सगळा डावच मोडला. गरोदर राहणं केंद्राच्या नियमात बसत नाही, पण न्यूयॉर्कने २०१६ पासून ते धरायला सुरुवात केली आणि मग अजून काही राज्यांनी.

नोकरी जाण्याचं गणित जरा नीट मांडायला हवं, कारण आयटीतल्या मराठी लोकांची सगळ्यात जास्त पंचाईत इथेच होते. समजा एचवनबी या नोकरीच्या व्हिसावरच्या माणसाची नोकरी १२ जूनला गेली आणि कंपनीचा इन्शुरन्स ३० जूनपर्यंत आहे. आता दोन घड्याळं सुरू होतात आणि दोन्ही ६० दिवसांचीच. व्हिसाचं १२ जूनपासून, म्हणजे साधारण ११ ऑगस्टपर्यंत नवी नोकरी बघा नाहीतर दुसरं स्टेटस नाहीतर सामान बांधा, आणि इन्शुरन्सचं ३० जूनपासून, म्हणजे २९ ऑगस्टपर्यंत. कव्हरेज जाणार हे आधीच माहीत असेल तर ते जायच्या आधीही प्लॅन निवडता येतो, जूनमध्येच निवडला तर १ जुलैपासून नवा सुरू, खंड नाही. १० जुलैला निवडला तर १ ऑगस्टपासून, मग अख्खा जुलै उघड्यावर.

त्या जुलैसाठी कोब्रा कामाला येतो. हे १९८६ पासूनच्या कायद्याचं नाव, सापाशी संबंध नाही, बिल बघून चावल्यासारखं वाटतं ते वेगळं. २० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीत तोच जुना प्लॅन साधारण १८ महिने चालू ठेवता येतो, पण आधी कंपनी भरत होती तो वाटाही आपणच भरायचा आणि वर २ टक्के, म्हणजे १०२ टक्के. गंमत अशी की कोब्रा घ्यायचा की नाही हे ठरवायला निदान ६० दिवस मिळतात आणि घेतला की तो मागच्या तारखेपासून लागू होतो, म्हणून बरेच जण फॉर्म हाताशी ठेवून वाट बघतात, काही झालं नाही तर पैसे वाचले, हात मोडला तर मागचे हप्ते भरून मोकळे. मला हे धाडसी वाटत नाही, नियमातच बसतं, फक्त तारीख फ्रिजवर लिहून ठेवा. मात्र कोब्रा घेतल्यावर काही महिन्यांनी 'महाग पडतंय' म्हणून सोडला तर त्याबद्दल एसईपी मिळत नाही, पुढच्या नोव्हेंबरची वाट बघायची.

नोकरीतल्या प्लॅनचा ३० दिवसांचा नियम १९९६ च्या हिपा कायद्यातून आला. इथे दोन ठिकाणी लोक फसतात. एक म्हणजे लग्न. डिसेंबरात सुट्टी काढून पुण्यात लग्न होतं, मुलगा एकटा परत येतो, बायकोचा एचफोर, म्हणजे एचवनबीवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा, मार्चमध्ये होतो, आणि तोवर लग्नाचे ३० दिवस कधीच उलटलेले असतात. काही कंपन्या ती अमेरिकेत उतरली ती तारीखही धरतात, काही नाही, त्यामुळे अक्षता पडायच्या आधीच एचआरला मेल टाकलेला बरा. दुसरं म्हणजे बाळ. लोक सोशल सिक्युरिटी नंबर यायची वाट बघत बसतात आणि ३० दिवस निघून जातात, नंबर नसला तरी नाव घालता येतं, तो नंतर देता येतो. वेळेत नाव घातलं तर बाळाचं कव्हरेज जन्माच्या दिवसापासून धरतात, त्यामुळे हॉस्पिटलचं अख्खं बिल अंगावर येत नाही.

कोविडच्या काळात २०२१ मध्ये १५ फेब्रुवारी ते १५ ऑगस्ट हेल्थकेअर डॉट गव्ह वर सगळ्यांसाठीच दार उघडलं होतं, कारण द्यायची गरज नव्हती. कमी उत्पन्नवाल्यांना २०२२ पासून हेल्थकेअर डॉट गव्ह वर दर महिन्याला घेता यायचं, ते ऑगस्ट २०२५ मध्ये बंद झालं. कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी इन्शुरन्स मेडिकेड आणि तसाच मुलांचा चिप, हे मात्र पात्र असाल तर बारा महिने चालू असतं.

राहिले आईबाबा. व्हिजिटर व्हिसावर सहा महिन्यांसाठी आलेल्यांचा या सगळ्याशी संबंध नाही, ते तिथे राहायला आलेले धरत नाहीत, त्यांचा ट्रॅव्हल इन्शुरन्स वेगळा. पण ग्रीन कार्डवर कायमचे आले तर राहायला आल्याच्या तारखेपासून ६० दिवसांत मार्केटप्लेसवर प्लॅन घेता येतो. घर बदलून एसईपी मागणाऱ्या बाकीच्यांना आधीच्या ६० दिवसांत निदान एक दिवस इन्शुरन्स होता हे दाखवावं लागतं, परदेशातून येणाऱ्यांना ती अट नाही. वय ६५ च्या वर असलं तरी अमेरिकेत काम न केलेल्यांना मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी इन्शुरन्स, पहिली ५ वर्षं विकतही मिळत नाही, त्यामुळे हाच रस्ता उरतो. प्लॅन निवडल्यावर पुरावा द्यायला ३० दिवस असतात, तेव्हा एअरपोर्टवर पासपोर्टवर पडलेल्या शिक्क्याचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा.