सांधा-नियंत्रण (मॉडेल रेल्वे)

मॉडेल रेल्वेत गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा सांधा दुरून हलवता यावा म्हणून केलेल्या मोटर, तारा आणि बटणांच्या जोडणीला सांधा-नियंत्रण म्हणतात. एचओ मापात (१:८७) रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर आणि एन मापात (१:१६०) ९ मिलिमीटर असते. त्यामुळे सांध्याच्या पात्यांना, म्हणजे सरकणाऱ्या टोकदार रुळांना, जेमतेम दोन-तीन मिलिमीटर सरकायचे असते. पण त्या पुरत्या सरकून मुख्य रुळाला चिकटल्या नाहीत, तर गाडी तिथेच घसरते.

बेळगाव सीमाभागात सांध्यांचे काम पाहायचे तर लोंढ्याला जावे. देसूर, इदलहोंड, खानापूर, गुंजी करत बेळगावहून येणारी वाट, धारवाड-हुबळीची वाट आणि तिनईघाट-कॅसलरॉकवरून गोव्याला उतरणारी वाट अशा तिन्ही वाटा इथे मिळतात. घरात लोंढ्याचा छोटा पट, म्हणजे फळीवरची रेल्वेची मांडणी, केली तरी आठ-दहा सांधे सहज लागतात. ते हाताने बदलू गेले की मनगट सिग्नलला लागते नाहीतर झाड आडवे होते. म्हणून पटाच्या कडेला एक पॅनेल करून तिथून सगळे सांधे हलवतात.

सर्वांत रूढ साधन म्हणजे दुहेरी कॉइलची (तारेच्या वेटोळ्यांची) सोलेनॉईड मोटर. दोन कॉइलच्या मधून एक लोखंडी दांडा जातो. ज्या कॉइलला वीज मिळेल तिकडे तो खेचला जातो आणि सोबत पात्या नेतो. या कॉइलला वीज क्षणभरच हवी असते, आणि जोडणीचे बाकीचे सगळे नियम यातूनच निघतात. हिसका देताना ती तीन-चार अँपिअर घेते. तोच प्रवाह काही सेकंद चालू राहिला तर तापून जळते. म्हणून दिव्याचा साधा खटका इथे कधीही लावू नये. दाराच्या घंटीला असते तसे, बोट उचलताच परत येणारे बटण हवे, आणि प्रत्येक सांध्याला अशी दोन.

तरीही बोट रेंगाळू शकते, बटण अडकू शकते. त्यावरचा उपाय म्हणजे कपॅसिटरमध्ये वीज साठवून ती एकदम सोडणारे कपॅसिटर डिस्चार्ज युनिट, बोलण्यात सीडीयू. १८ व्होल्ट एसी देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा पुरवठा एसीचा डीसी करणाऱ्या ब्रिज रेक्टिफायरमधून नेला की कपॅसिटरवर साधारण २४ व्होल्ट साठतात. ४७०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये त्या वेळी सुमारे १.३५ जूल ऊर्जा असते. बटण दाबताच ती एका दमात कॉइलमध्ये उतरते आणि दांडा जोरात सरकतो. बटण दाबलेलेच राहिले तर युनिटमधला ट्रान्सिस्टर नवा प्रवाह रोखून धरतो. भार नसताना लहान ट्रान्सफॉर्मरचा व्होल्टेज लिहिलेल्यापेक्षा चढा असतो, म्हणून कपॅसिटर ५० व्होल्टचा घ्यावा.

मोटर ‘कमजोर’ निघाली अशी तक्रार होते तेव्हा पुष्कळदा दोष तारेचा असतो. ०.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.०३५ ओहम. मोटर पाच मीटरवर असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर तार होते, आणि ४ अँपिअरला जवळजवळ दीड व्होल्ट तारेतच जातात. तीच तार ०.१४ चौरस मिलिमीटरची घेतली तर पाच व्होल्ट जातात. टेलिफोनची बारीक तार या कामाला घेऊ नये, ती कितीही स्वस्त मिळो.

पात्या हळूहळू सरकवणाऱ्या संथ मोटरचे गणित निराळे आहे. ती १२ व्होल्ट डीसीवर फिरते आणि टोकाला पोचल्यावर अडून उभी राहते, तेव्हाही काही मिलिअँपिअरच घेते. तिला वीज सतत दिली तरी चालते. दिशा बदलायला फक्त धन-ऋण उलटायचे. हे सहा टोकांच्या डीपीडीटी खटक्याने होते, जो दोन तारा एकदम बदलतो. १२-०-१२ ट्रान्सफॉर्मर आणि ७८१२, ७९१२ रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारे भाग) वापरून धन व ऋण असे दोन्ही पुरवठे केले, तर प्रत्येक मोटरला तीन टोकांचा खटका आणि एकच स्वतंत्र तार पुरते. परतीची तार सर्वांना सामाईक. सर्वो मोटर, म्हणजे संकेतानुसार ठरावीक कोनात वळणारी मोटर, याहून स्वस्त पडते, पण तिला दर २० मिलिसेकंदांनी १ ते २ मिलिसेकंद रुंदीचा संकेत देणारे आर्डुइनोसारखे सर्किट लागते.

दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या व्ही-आकाराच्या धातूच्या भागाला फ्रॉग म्हणतात. सांधा एका बाजूला असताना फ्रॉगला एका रुळाची वीज हवी, दुसऱ्या बाजूला असताना दुसऱ्याची. चुकीची मिळाली की थेट शॉर्ट. म्हणून फ्रॉगपुढच्या दोन्ही आतल्या रुळांना प्लॅस्टिकचे जोड घालतात आणि फ्रॉगची तार मोटरच्या दांड्याबरोबर हलणाऱ्या खटक्यावरून आणतात. पॅनेलवरचे हिरवे-तांबडे एलईडीही त्याच खटक्यावर घ्यावेत, प्रत्येकाला योग्य रेझिस्टर लावून. बटणावरून घेतलेला दिवा फक्त बटण दाबल्याचे सांगतो. पाती खडीच्या कणाला अडून अर्ध्यावर थांबली असेल तर त्याला कळत नाही, आणि गाडी हिरवा दिवा पाहून सोडली जाते.

बेळगावकडून येणारी गाडी तिसऱ्या लाइनीवर घ्यायची तर तीन-चार सांधे एकदम लागतात. अशा वेळी प्रत्येक मार्गाला एक बटण ठेवून तिथून हव्या त्या कॉइलपर्यंत वीज एकाच दिशेने जाऊ देणारे ३ अँपिअरचे डायोड जोडतात. डायोड नसेल तर वीज उलटी फिरून भलत्याच मार्गाचे सांधेही उडवते. कॉइल वाढल्या की कपॅसिटरही मोठा करावा लागतो.

खानापूर-लोंढा पट्ट्यातल्या पावसाळ्यात पटाचे प्लायवूड फुगते, मोटर आणि पाती यांची सरळ रेष ढळते आणि खटक्यांच्या पितळी टोकांवर काळपट थर चढतो. म्हणून मोटर पक्की खिळवण्याऐवजी लांबट भोकातून स्क्रूने बसवावी, म्हणजे जागा थोडी सरकवता येते. जोड पिळून न ठेवता सोल्डर करावेत. गणपतीत हलते देखावे उभारलेल्यांना हे सारे हातचे काम वाटेल. २३० व्होल्टची बाजू मात्र ट्रान्सफॉर्मरच्या बंद डब्याबाहेर येऊ देऊ नये. पॅनेलमागे प्रत्येक तारेला सांध्याच्या क्रमांकाची चिठ्ठी बांधावी, आणि तोच क्रमांक पटाखाली मोटरवरही रंगवावा.