मासे मरत नाहीत, म्हणजे नुकसान नाही?

‘तळ्यात मासे तरंगताना दिसले नाहीत, तर परजीवींनी काही बिघडवलेलं नाही.’ मत्स्यपालनातला हा समज फार जुना आहे आणि चुकीचा आहे. मरतूक हे नुकसानाचं फक्त दिसणारं टोक.

आर्ग्युलस म्हणजे माशांवरची ऊ घ्या. (नावावर जाऊ नका, ती कीटक नाही, खेकडा-कोळंबीच्या कुळातली आहे.) ती कातडीला भोक पाडून रक्त शोषते. मासा बेचैन होतो, अंग कठड्याला, खुंटांना घासतो, खाणं कमी करतो. जखमांतून जिवाणू शिरतात. मासा जगतो, पण वाढत नाही.

आता हिशेब करा. समजा एक किलो वाढीला दीड किलो खाद्य लागायचं, ते 1.8 किलोवर गेलं. एक टन मासळीमागे 300 किलो खाद्य जास्तीचं! खाद्य हाच बहुतेकदा सर्वांत मोठा खर्च. शिवाय काढणी लांबते आणि अंगावर लाल डाग असलेल्या माशाला भाव पडून मिळतो. वहीत मात्र हे ‘यंदा वाढ कमी’ एवढंच नोंदलं जातं.

‘एकदा औषध मारलं की झालं’ हेही खरं नाही. उवेची मादी माशाचं अंग सोडून खुंट, दगड अशा टणक जागी अंडी घालते आणि औषध सहसा अंड्यांपर्यंत पोचत नाही. म्हणून काही जण तळ्यात मुद्दाम बांबू, फळ्या रोवतात आणि अंडी चिकटली की बाहेर काढून कडक वाळवतात. साधा उपाय, पण नेमाने करावा लागतो.