गुडघ्याच्या वाटीची वेदना

गुडघ्याच्या पुढच्या बाजूला, वाटीभोवती किंवा वाटीमागे जाणवणारी वेदना. वैद्यकात तिला पॅटेलोफिमोरल वेदना म्हणतात. जिना उतरताना, उकिडवे बसताना, पळताना ती वाढते. सिनेमागृहात किंवा एसटीत बराच वेळ गुडघे दुमडून बसल्यावरही ठणका लागतो. म्हातारपणाच्या संधिवाताशी तिची सर्रास गल्लत होते, पण ही किशोरांची आणि तरुणांचीही तक्रार आहे. मुलींमध्ये प्रमाण अधिक.

वाटी मांडीच्या पुढच्या क्वाड्रिसेप्स स्नायूच्या कंडरेत, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीत, बसलेली असते आणि गुडघा वाकला की मांडीच्या हाडावरच्या खाचेतून सरकते. जितका गुडघा वाकलेला, तितका वाटीमागचा दाब जास्त. ढोबळ अंदाजाने सपाटीवर चालताना तो शरीराच्या वजनाच्या निम्मा, जिन्यावर सुमारे तिप्पट आणि खोल उकिडवे बसताना सातपटीपर्यंत जातो. उतरताना तर वाकलेल्या गुडघ्यावर सगळे वजन सावरत धरावे लागते. म्हणून सिंहगड चढताना गप्प असलेला गुडघा उतरताना कुरकुरू लागतो.

अशा तरुण रुग्णाला ‘वंगण संपलंय’ असे सांगून घाबरवले जाते, ते बहुधा निराधार असते. वाटीमागची कूर्चा, म्हणजे हाडावरचा गुळगुळीत थर, शरीरातल्या सर्वांत जाड कूर्चांपैकी एक आहे आणि तिच्यात वेदना नेणाऱ्या नसाच नाहीत. दुखते ते कूर्चेखालचे हाड, वाटीखालची चरबीची गादी आणि बाजूचे बंध. एमआरआयमध्ये कूर्चा खडबडीत दिसूनही काहीच न दुखणारी माणसे पुष्कळ असतात. नुसत्या कटकट आवाजालाही फारसा अर्थ नाही.

खरे कारण बहुतेकदा अचानक वाढलेला भार हे असते. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी नोव्हेंबरात एकदम अंतर वाढवणारे यात हमखास सापडतात. मांडीचे आणि खुब्याचे स्नायू कमजोर असणे हीही नेहमीची जोड. आरशासमोर एका पायावर उभे राहून थोडे खाली बसावे. गुडघा अंगठ्याच्याही आत झुकत असेल, तर खुब्याकडे लक्ष द्यायला हवे.

पूर्ण विश्रांतीने दुखणे थांबते, पण स्नायू आणखी ढिले पडतात आणि पहिल्याच ट्रेकला ते परत येते. खुबा आणि गुडघा दोन्हींचे व्यायाम हाच आज सर्वमान्य मुख्य उपचार आहे. पायरीवरून एक पाय सावकाश खाली टेकवायचा, वरच्या पायाचा गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवायचा आणि तसेच वर यायचे. किंचित दुखले तर चालते. दुसऱ्या दिवशीही दुखत राहिले तर पायरी कमी उंचीची घ्यावी. फरक पडायला सहा ते बारा आठवडे लागतात, आणि नेमके चौथ्या आठवड्यात लोक कंटाळतात. ऑस्ट्रेलियन फिजिओथेरपिस्ट जेनी मॅककॉनेल यांनी 1986 मध्ये मांडलेल्या पद्धतीने वाटीला चिकटपट्टी लावल्यास तात्पुरता आराम मिळतो, म्हणजे व्यायाम करता येतो. धावणाऱ्यांनी पावले आखूड टाकून मिनिटाला पाच-दहा टक्के जास्त टाकावीत. उतारावर काठीचा आधार घ्यावा.

वाढत्या वयातल्या खेळाडू मुलांना वाटीखालच्या हाडाच्या उंचवट्यावर दुखत असेल, तर तो ऑसगूड-श्लॅटर आजार असू शकतो. गुडघा सुजला, अडकला, ताप आला, तर डॉक्टरांकडे जावे. गुडघा दुखतो म्हणून लंगडणाऱ्या मुलाचा खुबाही तपासून घ्यावा. खुब्यातल्या गंभीर बिघाडाची वेदना कधीकधी फक्त गुडघ्यात जाणवते.