सेकंडहँड गाडीची तपासणी कुठे नोंदलेली असते? इसार देण्याआधी पाहायचे कागद

‘फिटनेस 2031 पर्यंत आहे, आणखी काय बघायचं?’ असं म्हणत विकणारा आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) पुढे करतो आणि घेणारा मान डोलावतो. नातेवाइकांच्या आणि शेजाऱ्यांच्या गाड्यांचे ट्रान्सफरचे फॉर्म भरून देताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की सुरुवात त्यापासूनच करतो. खासगी कारच्या आरसीवरची ही तारीख कोणी गाडी तपासून ठरवलेली नसते. गाडी नवी असताना ज्या दिवशी पासिंग झालं, त्या दिवसात 15 वर्षं मिळवली की ती तारीख येते. 2016 ची गाडी असेल तर 2031. मधल्या काळात ती ट्रकखाली जाऊन पुन्हा उभी केलेली असली, तरी तारीख तीच राहते.

आपल्याकडे खासगी गाडीची दरवर्षी सरकारी तपासणी होत नाही. आरटीओत गाडी उभी करून पाहिली जाते ती 15 वर्षं पूर्ण झाल्यावर, फॉर्म 25 भरून नोंदणीचं नूतनीकरण करताना आणि पुढे दर 5 वर्षांनी. त्यामुळे आठ वर्षांच्या कारचा ‘तपासणी अहवाल’ मागायला आरटीओत गेलात, तर अर्धा दिवस रांगेत जाईल आणि हाती काही लागणार नाही. तसा कागदच नसतो. खिडकीपलीकडून हे एका वाक्यात सांगता येतं, पण सांगत नाहीत. ‘उद्या या’ म्हणतात. गाडीचा इतिहास आपल्यालाच चार-पाच कागदांतून जुळवावा लागतो.

सरकारी संकेतस्थळावर काय दिसतं

परिवहन विभागाच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर किंवा एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला की नोंदणीची तारीख, इंधन, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत आहे, कर्ज आहे की नाही, हे दिसतं. मालकाचं नाव अर्धं झाकलेलं असतं. हे जरूर पाहा, पण तिथे आजची स्थिती दिसते, मागची नाही. विमा आज चालू दिसला म्हणजे गेल्या तीन वर्षांत तो कधी बंद पडला नव्हता, असा अर्थ होत नाही.

गाडी चोरीची नाही ना, हे पाहायला राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या संकेतस्थळावर वाहनाची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) काढता येते. नंबरप्लेट बदलता येते, म्हणून चेसिस नंबर गाडीवर कोरलेला आहे तिथून स्वतः वाचा आणि तोच भरा. ई-चलन महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकून दिसतं. 1 एप्रिल 2019 पूर्वीची गाडी असेल तर एचएसआरपी (उच्च सुरक्षा) नंबरप्लेट बसलेली हवी. त्याशिवाय ट्रान्सफरचं काम पुढे सरकत नाही.

पीयूसीवर फार विसंबू नका. ती फक्त धुराची तपासणी आहे. ब्रेक, स्टेअरिंग, चेसिस यांकडे त्यात कोणी बघत नाही.

विम्याची पॉलिसी नीट वाचा

माझ्या मते सगळ्यात जास्त सांगणारा कागद हाच, आणि लोक त्यावरची फक्त शेवटची तारीख बघतात. पॉलिसीवर ‘नो क्लेम बोनस’ची, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीची, टक्केवारी छापलेली असते. क्लेम न घेता एक वर्ष गेलं की 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि पाच वर्षांनंतर 50. एकाच मालकाकडे आठ वर्षं असलेल्या गाडीच्या पॉलिसीवर 50 असेल तर बरं लक्षण आहे. तिथे शून्य किंवा 20 असेल तर सरळ विचारा, क्लेम कधी घेतला आणि कशाचा?

शून्य म्हणजे अपघातच, असं मात्र धरू नका. पॉलिसी संपल्यावर 90 दिवसांत नूतनीकरण केलं नाही तरी बोनस जातो. बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. त्यामुळे मधे मालक बदलला असेल तरी आकडा खाली येतो. उलट, बोनस राखणारं जादा कव्हर घेतलेलं असेल तर क्लेम घेऊनही आकडा टिकतो. म्हणून एकच पॉलिसी न बघता मागच्या तीन-चार वर्षांच्या मागा. ईमेलमध्ये त्या असतातच. ‘सापडत नाहीत’ असं उत्तर आलं तर घाई करू नका.

पॉलिसीतला खंड कोणत्या महिन्यातला आहे, हेही बघा. चिपळूण-महाडकडची गाडी आणि खंड जुलै 2021 नंतरचा, किंवा सांगली-कोल्हापूरकडची गाडी आणि खंड ऑगस्ट 2019 नंतरचा असेल, तर गाडी पुरात उभी होती का हे विचारलंच पाहिजे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, गालिचा उचलून बघा. गाळ धुतला तरी पट्ट्याच्या आतल्या टोकाला त्याचा डाग राहतो. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा-मूल्याच्या 75 टक्क्यांच्या वर गेला की विमा कंपनी गाडी पूर्ण नुकसानीत धरते. अशा गाड्या भंगाराच्या भावात विकल्या जातात आणि त्यांतल्या काही रंगरंगोटी होऊन पुन्हा बाजारात येतात.

कोणाकडेच नसलेला कागद: सर्व्हिसची बिलं

प्रत्येक सर्व्हिसच्या बिलावर तारीख आणि किलोमीटर असतात. मीटर मागे फिरवलंय का हे त्यावरूनच कळतं. पण बिलं कोणी ठेवत नाही. आपण कंपनीच्या वर्कशॉपला फोन केला तर अनोळखी माणसाला ते माहिती देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. मालकाला सोबत घेऊन जा किंवा त्याच्या नोंदलेल्या मोबाइलवरून पूर्ण सर्व्हिस हिस्ट्री मागवा. खरा मालक दहा मिनिटांत देतो.

तेही जमलं नाही तर टायर बघा. बाजूला चार आकडे असतात: 3422 म्हणजे 2022 सालचा 34 वा आठवडा. टायर साधारण 40 हजार किलोमीटर तरी जातात. 2018 ची गाडी, मीटरवर 28 हजार आणि चारही टायर 2022 चे, हे गणित जुळत नाही.

पिवळ्या पाटीची टुरिस्टची गाडी खासगी होऊन पांढऱ्या पाटीवर आली असेल, तर तिच्याकडे मात्र तपासणीचे खरे कागद असतात. पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी तिचं फिटनेस होतं, त्याचं प्रमाणपत्र फॉर्म 38 मध्ये मिळतं. ते मागा. जुनी पॉलिसी प्रवासी वाहनाची निघाली आणि विकणारा ‘घरचीच गाडी’ म्हणत असेल, तर तिथून परत या.

बँकेचा बोजा

सर्वात जास्त अर्ज इथे अडतात. हप्ते पाच वर्षांपूर्वी फिटले, बँकेने पत्र दिलं, ते फाइलमध्ये राहिलं आणि आरसीवर बँकेचं नाव तसंच. मालकाला वाटतं कर्ज फिटलं म्हणजे बोजा गेला. तो आपोआप जात नाही. बोजा उतरवायला बँकेच्या सही-शिक्क्याचा फॉर्म 35 आणि एनओसी आरटीओत द्यावी लागते, आणि बहुतेक बँकांच्या एनओसीवर तीन महिन्यांची मुदत छापलेली असते. मुदत गेली की पुन्हा बँकेत. ती शाखा दुसऱ्या शाखेत विलीन झाली असेल तर महिनाभर हेलपाटे ठरलेले. कर्ज फिटल्याची खबर बँकेनेच थेट आरटीओला द्यायला काय हरकत आहे, हे मला आजवर कळलेलं नाही. तोवर एवढं करा: आरसीवर बोजा दिसत असेल तर तो उतरवल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. ‘एनओसी घरी आहे’ या शब्दावर तर नाहीच.

मूळ मालक हयात नसेल तर मुलगा परस्पर गाडी विकू शकत नाही. आधी फॉर्म 31 भरून गाडी वारसाच्या नावावर व्हावी लागते. मृत्यू दाखला आणि इतर वारसांची संमती लागते. मृताच्या जुन्या सहीचे फॉर्म चालवून देतो म्हणणारे एजंट भेटतात. तो गुन्हा आहे आणि त्यात घेणाराही अडकतो.

ट्रान्सफर आणि मुदती

ट्रान्सफरला लागतात ते कागद: फॉर्म 29 च्या दोन प्रती, फॉर्म 30, मूळ आरसी, चालू विमा आणि पीयूसी, दोघांचे ओळखीचे आणि पत्त्याचे पुरावे, चेसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला छाप. अर्ज ऑनलाइन भरताना ओटीपी नोंदलेल्या मोबाइलवर जातो; तो नंबर विकणाऱ्याने कधीच बंद केलेला असतो. आधी नंबर बदलून घ्यायला सांगा, नाहीतर अर्ज पहिल्याच पानावर थांबेल. दुसऱ्या राज्यातल्या गाडीला फॉर्म 28 ची एनओसी आणि इथला कर लागतो. तो कर किमतीत धरूनच सौदा करा.

मुदत लोक चुकीची वाचतात. विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत. हे दिवस गाडी दिल्यापासून मोजतात, बँकेचं पत्र आल्यापासून नाही. विकणाऱ्यांनाही कळकळीने सांगतो, कोऱ्या फॉर्मवर सह्या करून गाडी देऊ नका. गाडी पुढे तीन हात फिरली तरी अपघात झाल्यास नोंद ज्याच्या नावावर आहे तोच भरपाईला जबाबदार, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2018 चा निकाल आहे. वापरलेल्या गाड्यांच्या अधिकृत डीलरला गाडी देत असाल तर फॉर्म 29सी भरून घ्या. 1 एप्रिल 2023 पासून ती सोय आहे.

विम्याचे 14 दिवस वेगळे. तेवढ्यात पॉलिसी आपल्या नावावर करायला अर्ज द्या आणि आधीच्या मालकाच्या बोनसचा फरक भरा. इतरांच्या नुकसानीचं कव्हर गाडीबरोबर येतं, पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम जुन्या नावावर अडकतो. ओळखीतल्या एका शिक्षकांनी विसाव्या दिवशी गाडी ठोकली. आरटीओतला अर्ज वेळेत होता, विम्याचा राहिला होता, आणि दुरुस्तीचा सगळा खर्च त्यांनीच भरला.