खडबडीत पृष्ठभागाचे स्तन-इम्प्लांट: फायदा आधी दिसला, धोका मागाहून

1962 साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथे थॉमस क्रोनिन आणि फ्रँक जेरो या शल्यविशारदांनी सिलिकॉन जेलचे पहिले स्तन-इम्प्लांट बसवले. शरीरात शिरलेल्या कोणत्याही परक्या वस्तूभोवती तंतुमय कवच तयार होते, तसे ते इम्प्लांटभोवतीही होते. काही स्त्रियांमध्ये हे कवच आकसत जाते, स्तन कडक होऊन दुखू लागतो आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. खडबडीत पृष्ठभागाची कल्पना या तक्रारीवरचा उपाय म्हणूनच पुढे आली.

1970 च्या सुमारास फ्रँकलिन अ‍ॅश्ले यांनी पॉलियुरेथेन फोमचे आवरण असलेले इम्प्लांट पुढे आणले. फोमच्या छिद्रांत तंतू वेगवेगळ्या दिशांनी वाढत असल्याने कवचाची ओढ विखुरली जाई. मात्र हा फोम शरीरात झिजून त्यातून कर्करोगाची शंका असलेले रसायन सुटते, अशी चिंता निर्माण झाल्यावर 1991 मध्ये हे इम्प्लांट अमेरिकी बाजारातून गेले. तोवर खुद्द सिलिकॉनलाच खडबडीत करण्याचे तंत्र आले होते. 'बायोसेल' या प्रकारात इम्प्लांटचे सिलिकॉनचे बाह्य आवरण पक्के होण्यापूर्वी त्यावर मिठाचे खडे बसवत आणि नंतर ते धुऊन काढत. खड्यांच्या जागी खोल खळगे उरत, ज्यांत ऊती घट्ट रुतून बसत.

याचा लाभ खरा होता. इम्प्लांट स्तनग्रंथीखाली बसवल्यास कवच आकसण्याचे प्रमाण कमी राही. स्नायूखाली बसवल्यास हा फरक पुष्कळ कमी होई. थेंबाच्या आकाराचे इम्प्लांट जागच्या जागी फिरले तर स्तनाचा आकारच बिघडतो, म्हणून त्याला अशी पकड आवश्यक मानली गेली, आणि कर्करोगानंतरच्या स्तन-पुनर्रचनेत अनेक शल्यविशारदांनी ते पसंत केले.

धोका दिसायला मात्र वेळ लागला, कारण तो सहसा शस्त्रक्रियेनंतर बऱ्याच वर्षांनी, सरासरी आठ-दहा वर्षांनी प्रकट होतो. 1997 मध्ये इम्प्लांटलगतच्या एका दुर्मीळ लिम्फोमाची पहिली नोंद प्रसिद्ध झाली. हा स्तनाच्या ऊतींचा नव्हे, तर प्रतिकारशक्तीच्या पेशींचा कर्करोग आहे. 2011 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने संभाव्य संबंधाचा इशारा दिला, एप्रिल 2019 मध्ये फ्रान्सने खोल खळग्यांच्या आणि पॉलियुरेथेनच्या इम्प्लांटवर बंदी घातली, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकी प्रशासनाच्या विनंतीवरून अ‍ॅलर्गन कंपनीने बायोसेल जगभरातून परत बोलावले. तोपर्यंत जगात 573 रुग्ण आणि 33 मृत्यू नोंदले गेले होते. त्यांपैकी 481 रुग्णांमध्ये या कंपनीचे इम्प्लांट होते.

माझ्या मते तुलनेतली खरी त्रुटी इथेच होती: लाभ काही वर्षांत मोजता येत होता, तर हानी कळायला दशके लागणार होती. तुलना अशी विषम असूनही निर्णय लाभाकडे पाहूनच होत राहिले.

लक्षणे नसलेल्या स्त्रियांनी केवळ भीतीपोटी इम्प्लांट काढावे, असा सल्ला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दिलेला नाही. बऱ्याच वर्षांनी एका बाजूला अचानक सूज आली, द्रव साचला किंवा गाठ लागली, तर त्या द्रवाची तपासणी आवश्यक ठरते. आजार वेळेत सापडल्यास इम्प्लांट आणि भोवतालचे कवच संपूर्ण काढल्यावर बहुतेक रुग्ण बरे होतात.