वैद्यकीय संशोधनासाठी दौड किंवा सायकल फेरी: पात्रता, परवानग्या आणि कागदपत्रे

कर्करोगावरच्या किंवा एखाद्या दुर्मीळ आजारावरच्या संशोधनासाठी दौड, सायकल फेरी किंवा गडचढाई ठेवायची आणि भाग घेणाऱ्यांनी आपापल्या ओळखीतून देणग्या जमवायच्या, असा बेत ठरला की चर्चा बहुधा मार्गापासून सुरू होते. किती किलोमीटर, पाणी कुठे, टी-शर्ट कोण देणार. माझं आग्रहाचं सांगणं आहे की आधी एकच गोष्ट ठरवा: पैसा कोणाच्या खात्यात जमा होणार? पात्रता, कागद आणि करसवलत या उत्तरावरच ठरतात.

महाराष्ट्रात तीन वाटा आहेत.

सर्वात सोपी वाट म्हणजे देणगीदाराने थेट संशोधन संस्थेच्या खात्यात पैसे भरायचे आणि पावतीही तिनेच द्यायची. तुम्ही फक्त उपक्रम घडवता. यासाठी संस्थेचं लेखी संमतीपत्र घ्या. त्यात संस्थेचं नाव व बोधचिन्ह वापरण्याची परवानगी, खात्याचा तपशील आणि निधी कोणत्या कामाला जाईल हे स्पष्ट लिहिलेलं असावं. पहिल्यांदाच आयोजन करणाऱ्यांनी हीच वाट धरावी असं मला मनापासून वाटतं.

दुसरी वाट नोंदणीकृत न्यासाची. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या संस्थेच्या उद्दिष्टांत वैद्यकीय मदत किंवा संशोधन असेल, तर ती स्वतःच्या नावाने निधी गोळा करू शकते. नोंदणी प्रमाणपत्र, शेड्यूल वनचा (धर्मादाय कार्यालयातल्या न्यासाच्या नोंदीचा) उतारा, संस्थेचं पॅन, प्राप्तिकराच्या १२एबी (संस्थेच्या उत्पन्नाला करसूट) आणि ८०जी (देणगीदाराला करवजावट) नोंदणीचे आदेश, लेखापरीक्षित हिशेब आणि उपक्रमाला मंजुरी देणारा विश्वस्तांचा ठराव हे सगळं एका फाइलमध्ये हवं. उताऱ्यावर अजून जुन्याच विश्वस्तांची नावं असतील, तर नवी नावं नोंदवण्यासाठी केलेल्या बदल अर्जाची स्थिती आधी तपासा. बँक नेमकी तिथेच अडते.

तिसरी वाट नोंदणी नसलेल्या गटाची: सोसायटीतले रहिवासी, धावपटूंचा क्लब, महाविद्यालयातले माजी विद्यार्थी. लोकांकडून धर्मादाय कामासाठी वर्गणी घ्यायची तर अशा गटाला याच कायद्याच्या कलम ४१सी खाली धर्मादाय आयुक्तालयाकडे जावं लागतं. गणेश मंडळं दरवर्षी घेतात तीच ही परवानगी. अर्ज धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर भरता येतो. साधारणपणे सदस्यांच्या सह्यांचा ठराव, पदाधिकाऱ्यांची ओळखपत्रं, उपक्रमाचा हेतू व ठिकाण, जागेचं ना-हरकत पत्र आणि आधी परवानगी घेतली असल्यास तिची प्रत व त्या वर्षीचे हिशेब जोडावे लागतात. परवानगी ठरावीक मुदतीपुरतीच असते, म्हणून तारीख पक्की झाल्याशिवाय अर्ज करू नका, आणि परवानगी हाती येण्याआधी एक रुपयाही घेऊ नका. एखाद्या सदस्याच्या खासगी यूपीआयवर तर मुळीच नको. हेतू कितीही स्वच्छ असला तरी ती रक्कम त्या माणसाच्या खात्यातली ठरते आणि हिशेब देताना त्याचीच ओढाताण होते.

आता पत्रकातल्या शब्दांबद्दल. उपचारासाठी मदत आणि संशोधनासाठी मदत ही दोन वेगळी कामं आहेत. पत्रकावर गरीब रुग्णाचा फोटो छापायचा आणि पैसे प्रयोगशाळेला द्यायचे, हे देणगीदाराशी बरोबर नाही. उलटही तसंच. संस्थेला विचारा: कोणता प्रकल्प, नैतिकता समितीची मान्यता आहे का, रुग्णांवर चाचणी असेल तर भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत तिची नोंद आहे का? ही नोंदवही कोणालाही पाहता येते. नोंद क्रमांक पत्रकावर छापला तर विश्वास वाढतो.

करसवलतीचं आश्वासन देताना जपून. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा, २०२५ लागू झाल्याने कलमांचे आणि अर्जांचे क्रमांक बदलले आहेत, बोलताना मात्र सगळे ८०जीच म्हणतात. छापण्याआधी मजकूर सीएला दाखवा. दोन गोष्टी देणगीदाराला आधीच सांगा: २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला वजावट नाही, आणि नवी कररचना निवडलेल्याला ही वजावट मिळत नाही. देणगीदाराचं पूर्ण नाव, पत्ता आणि पॅन त्याच वेळी घ्या, कारण संस्थेला देणग्यांचं वार्षिक विवरण भरावं लागतं आणि त्यावरूनच प्रमाणपत्र निघतं. पॅन मागायला नंतर फोन करत बसणं फार जिकिरीचं होतं.

प्रवेश शुल्क आणि देणगी यांच्या पावत्या वेगळ्या ठेवा. टी-शर्ट, नाश्ता आणि पदक यांच्या मोबदल्यात घेतलेली रक्कम देणगी नसते. कॅनडातल्या टेरी फॉक्सने कर्करोगात एक पाय गमावल्यावर १९८० मध्ये १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावून संशोधनासाठी निधी उभा केला. त्याच्या नावाने होणाऱ्या दौडीत प्रवेश शुल्क नाही आणि किमान देणगीची अटही नाही. जो येईल त्याला धावू द्यायचं, देईल ते घ्यायचं. छोट्या आयोजकांसाठी ही पद्धत मला फार मोलाची वाटते.

परदेशातल्या नातेवाइकांचे पैसे हा सर्वात नाजूक भाग. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी योगदान धरली जात नाही. पण न्यू जर्सीतल्या भाच्याने अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) असूनही त्याचे पैसे विदेशीच. ते घ्यायला एफसीआरए, म्हणजे विदेशी योगदान नियमन कायद्याखालची नोंदणी आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलं खातं लागतं. शिवाय २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेलं विदेशी योगदान दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. म्हणून अशा देणगीदाराला एफसीआरए नोंदणी असलेल्या संशोधन संस्थेकडेच थेट पाठवा.

प्रत्यक्ष उपक्रमासाठी स्थानिक पोलीस ठाणं, वाहतूक शाखा आणि रस्ता किंवा मैदान ज्यांच्या ताब्यात आहे ती महापालिका, नगरपरिषद वा ग्रामपंचायत यांच्याकडे अर्ज करा. अर्जाला मार्गाचा नकाशा, वेळापत्रक, अपेक्षित संख्या, स्वयंसेवकांची यादी आणि रुग्णवाहिका व डॉक्टरांची सोय दाखवणारं रुग्णालयाचं पत्र जोडा. कळसूबाईसारखी चढाई अभयारण्याच्या हद्दीत येते, तिथे वन विभागाची परवानगी हवी. संरक्षित किल्ला असेल तर पुरातत्त्व खात्याची. ध्वनिक्षेपकाला रात्री १० ते सकाळी ६ बंदी असते. दौड साडेपाचला सुटणार असेल तर सूचना तोंडीच द्याव्या लागतील. रुग्णालयाभोवतीचं १०० मीटरचं शांतता क्षेत्रही पाळा. मार्ग रुग्णालयावरून नेण्याची हौस असते, पण आत झोपलेल्या रुग्णाला तिचा त्रासच होतो.

सहभागी लोकांच्या नोंदणी अर्जात रक्तगट, चालू औषधं, हृदयविकार किंवा मधुमेह आणि घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक विचारा. १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची सही घ्या.

उपक्रम झाल्यावर रक्कम धनादेशाने किंवा बँक हस्तांतरणाने संस्थेला द्या. सोबतच्या पत्रात ती कोणत्या प्रकल्पासाठी आहे ते लिहा आणि संस्थेची पावती घ्या. किती जमा झाले, आयोजनावर किती गेले आणि संशोधनाला किती पोहोचले, हे तिन्ही आकडे प्रत्येक देणगीदाराला पाठवा. दहा रुपये देणाऱ्यालाही. कलम ४१सीची परवानगी असेल तर हेच हिशेब धर्मादाय कार्यालयात दाखल करून पोच घ्या. पुढच्या वर्षीच्या अर्जाला ती पोच लागेल.